तेराव्या वर्षी काय वाचायचं?

मराठीत मुलांच्या पुस्तकांवर मोठी माणसं बोलतात ती बहुधा दोन प्रसंगी: पुस्तकाला पुरस्कार मिळाला की, नाहीतर लेखक गेला की. एरवी पुस्तक निघतं, प्रदर्शनात मांडलं जातं, एखाद्या शाळेच्या कपाटात जाऊन बसतं. ते कुणाला आवडलं, कुणी अर्ध्यावर टाकलं, कुठल्या पानावर मूल खुदकन हसलं, याची नोंद कुठेच होत नाही. मोठ्यांच्या कादंबरीला निदान चार परीक्षणं मिळतात. मुलांच्या पुस्तकाला ‘मुलांना नक्की आवडेल’ एवढं एक वाक्य मिळतं, आणि ते लिहिण्याआधी मुलांना क्वचितच कुणी विचारलेलं असतं.

या पुस्तकात आहेत त्या अशा राहून गेलेल्या नोंदी. बीड जिल्ह्यात राहून, अलीकडच्या वर्षांत निघालेली आणि माझ्या हाती आलेली बाल आणि कुमार वयाची पुस्तकं वाचताना मी त्या केल्या. काही पुस्तकं एकट्यानं वाचली, बरीचशी आसपासच्या मुलामुलींच्या सोबतीनं. याला समीक्षा म्हणता येणार नाही. ही एका वाचकाची मतं आहेत, बोलता बोलता सुचलेली, पुस्तक मिटल्या मिटल्या टिपलेली. तरी ती छापावीशी वाटली, कारण मुलांच्या पुस्तकांविषयी आपल्याकडे जे काही लिहिलं जातं त्यातलं बरंचसं पुण्या-मुंबईत बसून लिहिलेलं असतं. पुस्तक तेच असलं तरी केजच्या, गेवराईच्या किंवा पाटोद्याच्या मुलासोबत वाचताना ते वेगळ्याच जागी अडतं आणि कधी कधी वेगळ्याच जागी खुलतं.

मुळात आमच्याकडे नवं पुस्तक येणं हीच अवघड गोष्ट. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर स्पर्धा परीक्षांचे ठोकळे मिळतात, पोलीस भरतीचे प्रश्नसंच मिळतात, आरत्यांची पुस्तकं मिळतात. तालुक्याच्या दुकानात गाइडं आणि वह्या. नवं चित्रपुस्तक हवं असेल तर ते मागवून घ्यायचं, किंवा संभाजीनगरला, पुण्याला निघालेल्या कुणाला तरी चिठ्ठी लिहून द्यायची. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे गावोगाव अनुदानावर चालणारी वाचनालयं झाली ही मोठीच गोष्ट आहे. पण मी पाहिलेल्या बहुतेक वाचनालयांत मुलांचं कपाट म्हणजे बोधकथा, संतचरित्रं आणि थोर पुरुषांची चरित्रं. ती असावीतच. पण त्यांच्या शेजारी या काळातलं, या मुलांच्या वयाशी बोलणारं काहीच नसतं, तेव्हा वाचन हे अभ्यासाचंच एक शेपूट आहे अशी मुलांची समजूत होते.

आणि हे घडतं ते कुठल्या जिल्ह्यात? अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा ‘विवेकसिंधु’ शके १११० चा, म्हणजे ११८८ चा मानला जातो. दासोपंत याच गावचे. त्यांनी लांबरुंद कापडावर लिहिलेला ग्रंथ, ती प्रसिद्ध पासोडी, अजून जपून ठेवलेली आहे. पासोडीची गोष्ट सांगितली तेव्हा एका मुलानं विचारलं होतं, ‘मग पान कसं उलटायचं?’ पुस्तक या वस्तूबद्दल इतका नेमका प्रश्न मला कुठल्या चर्चासत्रात ऐकायला मिळालेला नाही. १९८३ चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही अंबाजोगाईला भरलं होतं आणि अध्यक्ष होते व्यंकटेश माडगूळकर, धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला गेलेल्या कोवळ्या मास्तराची ‘बनगरवाडी’ लिहिणारे. आमच्या जिल्ह्याला पुस्तकांचं वावडं आहे असं जे बाहेर समजलं जातं, त्याचं म्हणूनच मला फार वाईट वाटतं. इथली मुलं वाचतात. हातात दिलं तर वाचतात.

लहान मुलांच्या पुस्तकांबद्दलच्या नोंदी या संग्रहात सर्वांत आनंदाच्या आहेत, आणि त्याला सर्वांत मोठं कारण माधुरी पुरंदरे. त्या लिहितात आणि चित्रंही स्वतः काढतात, त्यामुळे त्यांच्या पुस्तकात चित्र मजकुराच्या मागे मागे चालत नाही. ‘राधाचं घर’, यशच्या गोष्टी, ‘पाहुणी’, ‘बाबांच्या मिश्या’ यांतली मुलं हट्ट करतात, रुसतात, कंटाळतात, आणि त्यांना सुधारायला कुणी लगेच धावून येत नाही. राधाचं घर शहरातलं आहे, तरी आमच्या मुलांना ते परकं वाटलं नाही. त्या घरातली माणसं एकमेकांशी ज्या सुरात बोलतात तो सूर त्यांना ओळखीचा होता. त्यावरून माझं एक मत बनलं आणि पुढच्या पानांत ते वारंवार भेटेल: बीडच्या मुलाला बीडचीच गोष्ट लागते असं मुळीच नाही. गोष्टीतली माणसं खरी असली की गाव कुठलं का असेना. २०१४ मध्ये साहित्य अकादमीनं पुरंदरे यांना एकूण कार्यासाठी बालसाहित्य पुरस्कार दिला. माझ्या मते त्यांचं याच तोलाचं आणखी एक काम म्हणजे ‘वाचू आनंदे’. मराठीतले उत्तमोत्तम वेचे आणि भारतीय चित्रकला एकत्र आणणारे हे खंड बाल आणि कुमार अशा दोन गटांत आहेत. कुमार गटाचे खंड प्रत्येक माध्यमिक शाळेत असायला हवेत, निदान एक संच तरी. तो संच कपाटाला कुलूप लावून ठेवू नये, एवढी विनंती मी इथेच करून ठेवतो.

ज्यांच्याबद्दल माझ्या नोंदी कडक आहेत ती पुस्तकं वेगळी आहेत. त्यांत एक शहाणा मुलगा असतो. तो झाडं लावतो, गाव स्वच्छ करतो, वडिलांची दारू सोडवतो, आणि शेवटच्या पानावर सरपंच त्याचा सत्कार करतात. अशी पुस्तकं मनापासून लिहिलेली असतात. लिहिणारे पुष्कळदा शिक्षकच असतात आणि त्यांची तळमळ खरी असते. पण ज्या मुलाचा बाप खरोखर पितो, त्या मुलाला हे पुस्तक काय सांगतं? की तू पुरेसा शहाणा नाहीस, म्हणून तुझ्या बापाची दारू सुटत नाही. मुलावर एवढं ओझं टाकणारं पुस्तक मला क्रूर वाटतं, मग त्याचं मुखपृष्ठ कितीही रंगीत असो.

साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून सुरू झाला आणि मराठीतला पहिला मान अनिल अवचटांच्या ‘सृष्टीत... गोष्टीत’ला मिळाला. तेव्हापासूनची यादी मी अधूनमधून चाळत असतो, कारण आमच्याकडे पुस्तक शोधायला दुसरा आधार नसतो. त्यातल्या काही पुस्तकांनी इथे फार चांगलं घर केलं. ल. म. कडू यांचं ‘खारीचा वाटा’ (२०१७) हे धरणापायी गाव सोडावं लागणाऱ्या मुलाचं पुस्तक. माजलगावला सिंदफणेवर धरण झालं तेव्हा आमच्याही जिल्ह्यातली गावं पाण्याखाली गेली. त्या भागातल्या आजी-आजोबांना हे पुस्तक वाचून दाखवायला एका नातवंडाला सांगितलं, तर वाचन दोन पानांपुढे सरकेना. आजोबांना मध्येच त्यांच्या जुन्या गावातली गल्ली आठवायची, कुणाचा वाडा कुठे होता ते सांगायचं असायचं. पुस्तक बाजूला राहिलं याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही.

सलीम मुल्ला वनखात्यात नोकरी करतात. त्यांच्या ‘जंगल खजिन्याचा शोध’मध्ये (२०१९) जंगल जवळून पाहिलेलं आहे, हे पानोपानी कळतं. बालाघाटच्या डोंगररांगेत वाढणाऱ्या मुलांनी ते वाचून आपल्या टेकडीवरच्या पाखरांची नावं विचारायला सुरुवात केली. संगीता बर्वे यांच्या ‘पियूची वही’नं (२०२२) दोन-तीन मुलींना खरोखर वही लिहायला लावलं, त्या वह्यांत काय आहे ते मी विचारलेलं नाही. पुढे २०२४ मध्ये भारत सासणे यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ला आणि २०२५ मध्ये नांदेडच्या सुरेश सावंतांच्या ‘आभाळमाया’ या कवितासंग्रहाला पुरस्कार मिळाला. सासणेही मूळचे मराठवाड्यातले. लागोपाठ दोन वर्षं आपल्या बाजूच्या लेखकांची नावं यादीत दिसली तेव्हा मला झालेला आनंद लपवण्याचं कारण नाही. भूतबंगला मुलांनी अक्षरशः ओढून नेला. भीती, रहस्य, पाठलाग हे मुलांना हवं असतं. गरीब जिल्ह्यातल्या मुलांनी मात्र गंभीर आणि उपयुक्तच वाचावं अशी एक समजूत देणगी म्हणून पुस्तकं पाठवणाऱ्यांमध्ये दिसते, ती जावी असं मला कळकळीनं वाटतं. ‘फास्टर फेणे’ ज्या कारणासाठी पुण्यातल्या मुलांनी वाचला, त्याच कारणासाठी आष्टीतला मुलगाही वाचतो.

फारूक काझी या सांगोल्याकडच्या शिक्षक-लेखकाबद्दल थोडं अधिक लिहायला हवं. त्यांच्या ‘चुटकीचं जग’, ‘प्रिय अब्बू’ अशा पुस्तकांत मुसलमान घरं येतात ती कुठलाही फलक न लावता. ईद आहे म्हणून पाठ नाही, एकात्मता आहे म्हणून गोष्ट नाही. घर आहे, त्यात मूल आहे, अब्बू आहेत. बीड, परळी, अंबाजोगाई या सगळ्या गावांत घरी दखनी आणि शाळेत मराठी बोलणारी कितीतरी मुलं आहेत. मराठी पुस्तकात ‘अम्मी’ हा शब्द इतक्या सहजपणे छापलेला पाहून एका मुलीनं ते पान शेजारणीला दाखवलं होतं. बंजारा तांड्यावरची मुलं मात्र अजून वाट बघताहेत. त्यांच्या घरी गोरमाटी बोलली जाते, आणि मला मिळालेल्या पुस्तकांत त्यांचं घर असं उघड्या दारानं आलेलं मला दिसलं नाही.

भाषांतरांपैकी ‘तोत्तोचान’बद्दल लिहायचंच तर एवढंच. तेत्सुको कुरोयानागी यांचं हे जपानी पुस्तक १९८१ चं, चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी ते मराठीत आणलं, आणि त्यातली रेल्वेच्या डब्यांतली शाळा बीडच्या मुलांनी वाचली तेव्हा त्यांच्या शहरात रेल्वे आलेलीच नव्हती. परळीला जंक्शन जुनं, पण बीड शहरातून पहिली गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. पिढ्यान्पिढ्या रेल्वेची मागणी ऐकत वाढलेल्या जिल्ह्यात, डब्यात भरणारी शाळा म्हणजे परीकथेपेक्षा मोठी चैन होती. ‘डबे आले की आपल्याला पण एक मिळंल का?’ हा प्रश्न मी त्या पुस्तकाच्या नोंदीत जसाच्या तसा ठेवला आहे.

इथपर्यंत सगळं ठीक चालतं. मूल बारा-तेराचं झालं की मात्र कपाट रिकामं होतं, आणि ही प्रस्तावना लिहायला बसलो ते खरं तर यासाठी.

तेरा ते सोळा या वयासाठी, या वयाला बरोबरीनं वागवून लिहिलेली मराठी पुस्तकं फार थोडी आहेत. या वयाची मुलं जी चांगली पुस्तकं वाचतात ती पुष्कळदा मोठ्यांसाठी लिहिलेली असतात. प्रकाश नारायण संतांचा लंपन ‘वनवास’पासून पुढे चार पुस्तकांत वाढतो. तो मुलांनी आपला मानला, पण संतांनी काही शालेय वाचनमाला लिहिली नव्हती. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ २००४ मध्ये आली. आणीबाणीच्या काळातलं नववीचं वर्ष, मुकुंद जोशी आणि त्याचे मित्र, आणि त्याला आवडणारी वर्गातली मुलगी, शिरोडकर. वीस वर्षं झाली तरी आमच्याकडे नववी-दहावीची मुलं ती एकमेकांकडून मागून वाचतात. एका मुलीनं ती वाचून परत देताना विचारलं, ‘शिरोडकरच्या बाजूनं हे कुणीच कसं लिहिलं नाही?’ मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. तिच्या हातात ठेवायला दुसरं पुस्तकही नव्हतं.

तिचा प्रश्न बीडमध्ये विचारला गेला याला अर्थ आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९ ते २०२१) वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात २१.९ टक्के होतं आणि बीड जिल्ह्यात ४३.७ टक्के. म्हणजे ज्या वयासाठी पुण्यातले प्रकाशक ‘कुमार कादंबरी’ काढायचा विचार करत असतात, त्या वयात आमच्या कित्येक मुलींचं कुमारपण संपलेलं असतं. शिरोडकरच्या बाजूची गोष्ट त्यांना वाचायची असते ती विरंगुळ्यासाठी नव्हे. आपल्याला नाही म्हणता येतं का, म्हटलं तर पुढे काय होतं, दुसऱ्या कुणी कधी म्हटलं आहे का, याची चाचपणी त्यांना पुस्तकात करायची असते. असं पुस्तक उपदेशाच्या सुरात आलं तर त्या ते ओळखतात आणि ठेवून देतात. बालविवाहविरोधी घोषणा त्यांनी भिंतीवर पुष्कळ वाचलेल्या आहेत.

याला जोडूनच ऊसतोडीचा विषय येतो. दिवाळीच्या सुमाराला मजुरांच्या टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साखर कारखान्यांवर जातात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलकडे परततात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. दुसऱ्या सत्रात आमच्या कितीतरी वर्गांतले बाक रिकामे पडतात. आजी-आजोबांजवळ राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत आणि जिथे ती नीट चालतात तिथे मुलं खरंच टिकतात. पण वयात आलेल्या मुलीला मागे ठेवायचं कुणाच्या भरवशावर, हा प्रश्न आईबापांना खातो. त्यातून लग्न उरकलं जातं. लग्न झालं की आणखी एक कोयता तयार होतो. हे सगळं इथल्या चौदा वर्षांच्या मुलाला कुणी समजावून सांगायला नको. पुस्तकांनी नसलं तरी मराठी सिनेमानं गावाकडच्या शाळकरी मुलांकडे पाहिलं आहे: २०१३ चा ‘फँड्री’, नंतरचे ‘किल्ला’ आणि ‘नाळ’. ‘फँड्री’तला नागराज मंजुळे यांचा जब्या पडद्यावर आला तेव्हा गावच्या शाळेतला मुलगा आपला राग घेऊन मध्यभागी उभा राहिला. कुमारांच्या पुस्तकांत असा मुलगा मला भेटला नाही.

आणि तो भेटेल तेव्हा केवळ दुःखाचा नमुना म्हणून भेटू नये. फडावरच्या मुलांबद्दल जे थोडं लिहिलं जातं ते वाचून मोठ्यांचे डोळे भरतात, पण ती मुलं स्वतः ते पुन्हा वाचायला मागत नाहीत. मला फडावरची रहस्यकथा वाचायची आहे. मुकादमाच्या वहीतला हिशोब आणि काट्यावरची पावती यांचा मेळ बसत नाही, आणि हे टोळीतल्या एकुलत्या एक शाळकरी पोरीच्या लक्षात येतं. याहून चांगली सुरुवात कुठे मिळणार आहे? कोप्यांतल्या रात्री, टायरगाड्यांची रांग, वाढ्यांच्या मोळ्या विकून जमवलेले पैसे, कानडी मुलुखात पहिल्यांदा कानावर पडणारी भाषा. साहसाला लागणारं सगळं तिथे आहे. ते लिहिणारा माणूस बहुधा त्या कोप्यांत वाढलेला असेल आणि आज कुठल्या तरी जिल्हा परिषद शाळेत शिकवत असेल किंवा स्पर्धा परीक्षेचा ठोकळा पाठ करत असेल. त्यानं किंवा तिनं ठोकळा बाजूला ठेवावा असं मी म्हणणार नाही, पोटाचा प्रश्न आहे. पण रात्री दोन पानं लिहावीत.

अगदीच काही नाही असंही नाही. बालभारतीचं ‘किशोर’ १४ नोव्हेंबर १९७१ पासून निघतं आहे आणि खेड्यातल्या शाळेपर्यंत आजही हेच मासिक सर्वांत जास्त पोचतं. त्यात मराठवाड्यातले लेखक-कवी अलीकडे अधिक दिसतात, ही चांगली खूण आहे. ‘साधना’चा बालकुमार दिवाळी अंक २००८ पासून येतो आणि कुमारांना तो मोठ्यांसारखं वागवतो. शुभदा चौकर यांचं ‘वयम्’ मासिक शहराकडे झुकलेलं असलं तरी या वयाशी मोकळेपणानं बोलतं. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या मराठी गोष्टी फुकट वाचता येतात, छापूनही घेता येतात. एका मोबाइलवर पाच डोकी गोळा होऊन ‘पुढचं पान कर ना’ म्हणताना मी पाहिली आहेत. पण या गोष्टीही बहुतांशी लहान मुलांच्या.

नोंदींच्या मांडणीबद्दल दोन शब्द. पुस्तकं वयाप्रमाणे तीन भागांत लावली आहेत, पण ही वयं सैल समजावीत. सहावीतला मुलगा ‘यश’ वाचत असेल तर त्याला वाचू द्यावं. पाच महिने शाळा बुडालेल्या मुलाचं वाचन कुठल्या तक्त्यात बसत नाही. जिथे माझं आणि मुलांचं मत जुळलं नाही तिथे दोन्ही मतं दिली आहेत आणि मुलांचं आधी दिलं आहे. मुलांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. त्यांची वाक्यं मात्र त्यांच्याच बोलीत ठेवली आहेत, शुद्धलेखनाची कात्री त्यांना लावलेली नाही. ज्या पुस्तकांबद्दल मला काहीच चांगलं लिहिता आलं नाही ती वगळली आहेत, अपवाद वर सांगितलेल्या सत्काराच्या पुस्तकांचा. त्यांच्याबद्दल बोलणं मला गरजेचं वाटलं.

पहिला भाग जाडजूड आहे, दुसरा बरा आहे. तिसरा, तेरा ते सोळा वयाचा, इतका बारीक आहे की चहा निवायच्या आत वाचून होईल. मुलांसाठी लिहू पाहणाऱ्यांनी तो आधी वाचावा.